बाबांचा गूळ बंद करून मी आणलेली बाटली

मित्रांनो, सकाळीच बाबांना दवाखान्यात भरती केलं.

बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर होते. छातीतली धूळ उतरावी म्हणून शिफ्ट सुटली की तिथे सगळेच गूळ खायचे. बाबा रिटायर झाले, शुगर निघाली, लिव्हरही खराब निघालं, तरी दुपारी दोनला गुळाचा खडा ठरलेला.

तो मीच बंद केला आणि अगेव्ह सिरप, म्हणजे घायपातीसारख्या झाडाचा गोड पाक आणला. बाटलीवर लिहिलं होतं, शुगर वाढत नाही. मग मीच रोज अर्धी वाटी ओतून द्यायचे.

आज डॉक्टर चिडले. "शुगर नाही वाढली, पण यातलं फ्रुक्टोज लिव्हरवर जातं. लिव्हर आधीच खराब होतं ना?"

मला रडू आलं. बाबा म्हणाले, "कावून रडून राहिली? मले तं ते आवडतबी नव्हतं. तू आणलं म्हणून पेत होतो."

तुमच्या घरी कोणी असं मुकाट्यानं पीत तर नाही ना?