काळ्या फडक्यातलं तिखट

सूर्याशी उभा दावा मांडलेला माणूस आख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा भासरा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ निघावा, याला काय म्हणायचं? केनवडच्या शाळेत विज्ञान शिकवून भाऊजी निवृत्त झाले आणि घरच्यांना छळायला मोकळे झाले. उन्हाळ्यात गल्लीतल्या गच्च्या मिरचीनं लाल होतात. यांची मिरची मात्र झोपायच्या खोलीत, पलंगावर, पंख्याखाली, खिडक्यांना काळं कापड लावून वाळते आणि माणसं अंगणात झोपतात. पाहुणा उंबरठ्यातच शिंकायला लागतो. पुतणीला पाहायला मंडळी आली, तर पोरगी बाहेर यायच्या आत यांनी तिखटाची बरणी पुढे केली. अर्धी काळ्या फडक्यात गुंडाळून महिनाभर खिडकीत ठेवलेली. फडक्याखालचं तिखट लालभडक, उघड्या बाजूचं पार विटलेलं. मुलाच्या वडिलांनी नाकाला रुमाल लावला. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

त्या बिचाऱ्यांना मग पाठही ऐकावा लागला. लाल रंगाच्या कणात एक लांब साखळी असते, उजेड तिच्यातला एक इलेक्ट्रॉन हुसकावतो, मग त्याचा जोडीदार एकटा पडतो, कण चवताळतो, हवेशी झोंबतो आणि साखळी तुटून रंग जातो. अशा जोडी मोडलेल्या कणाला रॅडिकल म्हणतात. "मग झाडावर उन्हातच कशी लाल होते हो?" मी चिडून विचारलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "झाडावर हाय तवर रंग बनूनच राह्यते. एक मोडला का दुसरा तयार. तोडली का बनणं बंद, मोडणं तेवढं चालू."

हेही सोसलं असतं. पण दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना स्वतःचं तिखट खिशातून न्यायचं, हा कुठला न्याय? जाऊबाईंची नजर दोनेक वर्षांपासून मंदावत चालली होती. त्यांना सांभाळायचं सोडून हे बरणी सांभाळत फिरतात, याचा मला मनस्वी संताप यायचा. गेल्या पोळ्याला दोघं आमच्याकडे शेलूबाजारला आली. मी ताट वाढलं आणि यांनी खिशातून काळ्या फडक्यात गुंडाळलेली लहानशी बरणी काढली. मी सुनावलंच, की आज आमच्या घरचंच तिखट खायचं. त्यांनी बरणी परत खिशात ठेवली.

जाऊबाईंचा हात ताटावर घुटमळला, पुरणात गेला, परत आला. "तिखट नाई वाढलं काय व?" त्यांनी विचारलं. माझं उन्हात वाळवलेलं फिकट तिखट त्यांच्या बोटांजवळच होतं. भाऊजींनी फडकं सोडून चिमूटभर तिखट ताटात ठेवलं, तसा हात सरळ तिथं गेला. "तिले ताटात आता एवढंच दिसते," ते म्हणाले.

आता माझीही मिरची झोपायच्या खोलीतच वाळते. नवरा शिंकतो, मी शिंकते आणि भाऊजींच्या नावानं खडे फोडते.

यंदाच्या पोळ्यालाही दोघं आली. भाऊजींनी तिखट ठेवलं, मी माझं लाल तिखट त्याच्या शेजारी वाढलं. जाऊबाईंचा हात ताटावर फिरतच राहिला. भाऊजींनी त्यांचं बोट धरून अलगद तिखटावर टेकवलं आणि म्हणाले, "इथं हाय." मग उन्हाकडे पाठ करून त्यांनी बरणी पुन्हा काळ्या फडक्यात नीट गुंडाळली.