शेवटच्या शब्दाची वाट पाहणारे मास्तर

वाक्य अर्धे सोडून त्याच्या पूर्णत्वाची इतक्या श्रद्धेने वाट पाहणारा मनुष्य साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आमचे अमरावतीचे शेजारी इंग्रजीचे मास्तर होते. निवृत्तीनंतरही ओसरीवर त्यांची शिकवणी चाले आणि विषय बहुधा एकच असे: क्रियापदानंतर विशेषण यावे की क्रियाविशेषण? क्रियापदापाशी ते थबकत, तळहात आडवा धरून ते झाकल्यासारखे करीत आणि सांगत, "इथं 'इज' ठेवून पाहा. बसलं तर विशेषण, नाही बसलं तर क्रियाविशेषण." मग "द रोझ स्मेल्स..." एवढेच म्हणून गप्प होत. कोणी 'स्वीटली' म्हटले की त्यांच्या कपाळाची शीर उठे. "काहून रे, गुलाबाले नाक असते काय? तो का वास घेऊन राह्यला?"

या कामी त्यांनी स्वतःच्या प्रकृतीचीही भीड ठेवली नाही. एकदा तापाने फणफणले असता डॉक्टरांनी सहानुभूतीने विचारले, "फीलिंग बॅडली, सर?" मास्तर उशीवरून उठून बसले. "बॅडली म्हणाल तर माझ्या बोटांचं स्पर्शज्ञान गेलं असा अर्थ होते, डॉक्टरसाहेब. मले बॅड वाटून राह्यलं." डॉक्टरांनी मुकाट्याने मोठी सुई काढली. चौकातल्या रसवंतीच्या पाटीवर 'टेस्ट्स स्वीटली' असे वाचून मास्तरांनी मालकाला रसाची जीभ दाखवायला सांगितले होते. तो म्हणाला, "जीभ तुमची, रस माझा. प्या ना चुपचाप, मास्तर!"

मास्तरांच्या अर्ध्या वाक्यांचे खरे उत्तर मात्र स्वयंपाकघरातून येई. मास्तरांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, इंग्रजीचे पुस्तक कधी हाती धरले नव्हते. चुलीपाशी बसून केवळ श्रवणाने त्यांना ही विद्या साध्य झाली होती. आमच्या पाठशाळेत वेद असेच येत, म्हणून मला त्याचे नवल वाटले नाही. मुले अडखळली की मास्तर मान वळवीत. "द मिल्क स्मेल्स..." आतून मंद, किंचित अनुनासिक आवाज येई, "साउअर! अन् अहो, ते खरंच नासलं. बसा आता बिनचहाचे." मास्तर बोट उंचावून "करेक्ट!" म्हणत आणि खरोखरच बिनचहाचे बसत.

वहिनी गेल्या. शिकवणी बंद झाली, पण मास्तरांची सवय सुटली नाही. दिवेलागणीला मी त्यांच्या सोबतीला जाऊन जप करीत बसे. ते अंधारत्या स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "द वॉटर फील्स..." आणि थांबत. मला काही ऐकू येत नसे. मात्र आतल्या माठावरचे झाकण हलकेच वाजे, मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे आणि ते म्हणत, "करेक्ट!" मांजर असेल म्हणून मी एकदा आत पाहून आलो. मांजर नव्हते. माठ मात्र नुकताच भरल्यासारखा ओला होता. परत येऊन बसलो, तेव्हा माळेतला मणी बोटांखाली पुढे सरकेना.

अकोल्याला दिलेली त्यांची मुलगी त्यांना तिकडे नेऊ म्हणे. ते नकार देत. "तिथं मी विचारीन, अन् उत्तर कोन देईन?" अखेर तिच्या आग्रहापुढे ते नमले. एसटीत मी सोबत होतो. त्यांनी शेजारची खिडकीची जागा मोकळी ठेवली आणि मला मागे बसवले. मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईने विचारले, "इथं कोनी बसते काय, बाबा?" मास्तर नम्रपणे म्हणाले, "हो, बसल्या आहेत." बाईने त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, पदर सावरला आणि भर गर्दीत ती अकोल्यापर्यंत उभी राहिली.

पुढे मुलीचा फोन आला. "काका, बाबा संध्याकाळी वाक्य अर्धं सोडतात अन् वाट पाहात बसतात. मी उत्तर दिलं तर म्हणतात, तुले कोनं विचारलं? जेवण सुटलं हो त्यांचं. दोन घासही घेत नाहीत."

मी गेलो. मास्तर भिंतीवर पुसट झालेल्या चित्रासारखे दिसत होते. सांजवात लागली. नव्या, पांढऱ्या स्वयंपाकघराकडे पाहून ते क्षीण स्वरात म्हणाले, "शी स्पीक्स..."

मुलीने पदर तोंडाशी धरला. आजवर इंग्रजीचा एक शब्दही न उच्चारलेल्या माझ्या जिभेवर इतक्या वर्षांच्या श्रवणाचे फळ येऊन थांबले होते. गुरुदेवतेचे स्मरण करून मी ओठ उघडले.

"सॉफ्टली."

"करेक्ट!" मास्तरांचे बोट वर गेले. डोळे भरून आले. थोड्या वेळाने ते मुलीला म्हणाले, "बाई, भाकर आहे काय वं?"

निघताना ती माझ्या पाया पडली. "बरं झालं काका, तुम्ही उत्तर दिलं." मी तिला आशीर्वाद दिला. ओठ मी उघडले होते हे खरे. पण शब्द माझ्या मागून आला होता, मंद आणि किंचित अनुनासिक.

मास्तर आता दोन्ही वेळा जेवतात, असे मुलगी कळवते. इकडे देवीच्या दर्शनाहून परतताना त्यांच्या बंद दारापाशी माझी पावले थांबतात. काल कोणी पाहत नाही असे बघून मीही तळहात आडवा धरला आणि म्हणालो, "द हाउस फील्स..."

बराच वेळ उभा राहिलो. आत झाकण वाजले नाही. शेवटचा शब्द मलाच म्हणावा लागला.

"एम्प्टी."