जबाबकाकांनी न लिहिलेलं वाक्य

जबाबकाका कुणालाही 'का' असं विचारत नसत. बारावीला मी नापास झाले तेव्हा जुईनगरच्या आमच्या चार मजली सोसायटीतल्या प्रत्येकाने मला जिन्यात गाठून कारण विचारलं. काकांनी विचारलं, "निकाल किती वाजता लागला? बरोबर कोन होतं?" एवढी माहिती मिळताच ते पिशवी घेऊन भाजीला गेले. त्या दिवशी मला ते देवमाणूस वाटले.

काका निवृत्त हवालदार. मूळचे शिरवण्याचे, पण गावातलं घर भावांसाठी सोडून आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहायला आले होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी पोलीस ठाण्यात लोकांचे जबाब लिहिण्यात घालवली, म्हणून हे नाव. बोलायचे आगरी आणि लिहायचे सरकारी. मोबाईल हरवला, नळाला पाणी कमी आलं, कबुतरांनी छळलं, की माणसं त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला जात. अर्ज झाला की काका तो मोठ्याने वाचून दाखवत आणि शेवटी आपल्याकडून आपल्या हाताने लिहून घेत, 'वाचून पाहिले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' कबुतरांच्या अर्जालाही यातून सूट नव्हती.

आणखी एक. हा माणूस इतकी वर्षं पोलिसात काढूनही शिवी देत नसे आणि लिहीत तर अजिबात नसे. सांगणारा कितीही रंगवून सांगो, काकांच्या कागदावर त्याची 'अश्लील शिवीगाळ' व्हायची. मी एकदा यावरून त्यांची थट्टा केली, तर गंभीरपणे म्हणाले, "बाय, कागद हाय तो. बायापोरी वाचतात. लाज नको?"

'का' न विचारण्यामागची गोष्ट मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली. पानाच्या टपरीवर दोन तरुणांची गाडी लावण्यावरून भांडणं झाली आणि एकाने दुसऱ्याला सुरा मारला. काका जबाब लिहायला बसले. साहेबांनी आरोपीचं नाव वाचलं, थोडा विचार केला आणि सांगितलं, पुढे लिहा, 'समाजात दहशत माजवण्याच्या उद्देशाने.' काकांनी लिहिलं. "सुरा एकच, जखम एकच, बाय. पन माज्या त्या एका ओळीनं तो पोरगा आत सडला. जामीन नाय, काय नाय. सुटला तवा त्याचा बाप वारला व्हता. मानसाच्या मनात काय व्हतं ते लिवनारा मी कोन? हाड मोडलं तं हाड लिवायचं." त्यानंतर ते माझ्याकडे न बघता बराच वेळ चष्मा पुसत होते.

मला तेव्हा हे पटलं होतं. सुशांतच्या वेळेपर्यंत पटत होतं.

सुशांत माझा धाकटा भाऊ, एका कंपनीत सुपरवायझर. आम्ही कोकणातले, बौद्ध. सोसायटीत आमच्यासारखी आणखी तीन घरं. इतक्या वर्षांत तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. मग सुशांत कमिटीवर निवडून आला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची किल्ली त्याच्याकडे आली. आधी किल्ली ज्याच्याकडे होती तो वारंवार पाणी सोडायचं विसरायचा, त्यामुळे बायकांना आनंदच झाला. पण एका रविवारी सकाळी सुशांत व्हॉल्व्ह उघडायला गेला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ लोखंडी सळई घेऊन त्याच्या मागे गच्चीवर गेले. मी आरडाओरडा ऐकून जिन्याने धावले. गच्चीच्या दारात पोचले तेव्हा त्यांच्यातला थोरला सळई उचलत होता, आणि उचलता उचलता तो एक वाक्य बोलला. मी ते स्पष्ट ऐकलं. मग सुशांतचा हात मोडला, मग जबडा.

सुशांतला बोलता येत नव्हतं, म्हणून तक्रार मी द्यायची असं ठरलं. आई हॉस्पिटलमध्ये आणि मी काकांच्या टेबलासमोर. काका विचारत गेले: वेळ, सळईची लांबी, कोणत्या हाताने मारलं, टाकीपासून किती फुटांवर. मी ते वाक्यही सांगितलं. काकांचं पेन थांबलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि लिहिलं, 'अश्लील शिवीगाळ करून मारहाण केली.' त्यांनी वाचून दाखवलं, तेव्हा ते वाक्य गाळलंय हे माझ्या लक्षात आलं होतं. मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. ते वाक्य कागदावर बघायची माझ्यात ताकद नव्हती. मी लिहिलं, 'वाचून पाहिले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे', सही केली आणि कागद ठाण्यात नेऊन दिला.

झालं. नुसत्या मारहाणीचा गुन्हा लागला. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ जामिनावर घरी. ते वाक्य कागदावर असतं तर अ‍ॅट्रॉसिटी लागली असती आणि ते इतक्या सहजी सुटले नसते, हे मला वकिलाने नंतर सांगितलं. आमच्या इमारतीला जिना एकच. आम्ही चौथ्या मजल्यावर, ते दुसऱ्या. ते दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसत. काही बोलत नसत. आईने खाली उतरणं सोडलं. आमच्यासारख्या तीन घरांपैकी एक भाड्याने सीवूड्सला गेलं, दुसऱ्याने पोरांचं खेळणं बंद केलं, तिसऱ्याने दाराला जाळी बसवली. किल्ली पुन्हा जुन्या माणसाकडे गेली.

मी जाऊन काकांवर बरसले. "हाड एकट्या सुशांतचं मोडलंय ना? मग बाकीच्या तीन घरांनी दारं का लावून घेतली? नुसतं हाडच मोडायचं असतं तर खाली पार्किंगमध्ये मोडलं असतं, काका. टाकीपाशी का?"

काका दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, "चल बाय. पुरवनी जबाब देऊ. चूक माजी हाय, मी बी सांगतो." कलम वाढलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

कोर्टात काका साक्षीला उभे राहिले. मी वाक्य पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आपणच लिहिलं नाही, असं त्यांनी सांगितलं. समोरचा वकील अगदी नम्र होता. "आपली हयात जबाब लिहिण्यात गेली. इतकं महत्त्वाचं वाक्य आपण सोडलंत. का?"

काकांनी कठडा धरला. ज्या माणसाने जन्मभर हा प्रश्न कुणाला विचारला नाही, त्याला तो भरल्या कोर्टात आला होता. म्हणाले, "लाज वाटली, साहेब." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकिलाने माझी सही दाखवली आणि विचारलं, वाचून पाहिलं होतं ना? मी हो म्हणाले. निकालात मारहाण सिद्ध झाली. जातीचं कारण मागाहून सुचलेलं ठरलं, आणि दोघे भाऊ अपील करून पुन्हा जामिनावर घरी आले.

सुशांत नाशिकला निघून गेला. आई आणि मी इथेच आहोत. हे घर विकायचं तर गिऱ्हाइकाला जिना दाखवावा लागतो आणि जिन्यात ते बसलेले असतात. काकांनी त्यानंतर कुणाचा अर्ज लिहिला नाही. गेल्या वर्षी ते वारले. त्याच्या आठ-दहा दिवस आधी धापा टाकत चौथ्या मजल्यावर आले होते, काखेत लिहायचं पॅड. "सांग बाय. काय बोलला तो? आज लिवतो."

"आता काय उपयोग, काका?"

"सांग तू."

मी सांगितलं. काकांनी लिहिलं, अक्षर तसंच छापल्यासारखं आलं. आईसमोर त्यांनी ते मोठ्याने वाचलं, एक शब्द न गाळता, आणि पॅड माझ्याकडे फिरवलं. आमच्या कपाटात तो कागद आहे. कोर्टाला त्याचा उपयोग नाही. त्यावर लिहिलंय: 'तुमच्या जातीच्या हाताचं पाणी आमी पिणार नाय.'

खाली माझी सही आहे. वाचून पाहिले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.