माफी, योग्य मार्गे

लातूरच्या ज्या शाळेत मी एकवीस वर्षं मराठी शिकवलं, तिच्या संस्थेच्या अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. त्यांच्या पत्नीही म्हणत. संस्थेची निवडणूक वेळेवर व्हायची आणि साहेब दर वेळी बिनविरोध निवडून यायचे, कारण विरोध करू शकणारा माणूस आधीच लांबच्या शाखेत गेलेला असायचा.

साहेबांच्या वाढदिवसाला गौरव अंक निघायचा. त्यात लेख देणं सक्तीचं नव्हतं. न देणाऱ्याची फक्त चौकशी व्हायची. मी दरवर्षी द्यायचो. सूर्य, वटवृक्ष, दीपस्तंभ, सगळं वापरून झालं होतं. त्या वर्षी उपमाच संपल्या, म्हणून खरं लिहिलं. 'साहेबांनी आमच्या वर्गाला छप्पर दिलं, पाऊस मात्र त्यांना जुमानत नाही.' एवढं एकच वाक्य. गौरव अंक कुणी वाचत असेल, अशी मला शंकाही नव्हती.

आठव्या दिवशी इस्लापूरच्या शाखेत बदली झाली. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय सोय. कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

बायको लातूरलाच दुसऱ्या एका शाळेत शिकवते, त्यामुळं ती आणि आई तिथंच राहणार होत्या. मी बॅग भरत होतो आणि आई खाटेवर बसून बघत होती.

"कुठं धाडून राहिले तुला?"

"इस्लापूरला."

"म्हंजे माझ्या माहेराकडंच की."

तिचं माहेर हिमायतनगरच्या बाजूला, पैनगंगेच्या काठचं. निजामाच्या राज्यात तिच्या वडिलांनी चावडीवर तिरंगा लावला. रझाकार त्यांना शोधायला लागले, तसे ते बायकोपोरीला घेऊन नदी ओलांडून वऱ्हाडात गेले. आई तेव्हा पाच वर्षांची होती. माफी लिहून द्या, घरदार परत मिळेल, असा निरोप गावातून आला. आजोबांनी दिली नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात दिवस काढले. आजी तिथंच तापानं गेली. आई हे सगळं भाकरी थापता थापता सांगायची, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

"तुझ्या आजोबाला निजामानं हाकललं," ती म्हणाली, "अन् तुला कोणी? गळक्या शाळेच्या मालकानं. घराण्याची पत लई उतरली बघ."

इस्लापूरला गेलो तर तिथले सगळेच सहकारी माझ्यासारखे. गणिताचे सर सभेत चुकीच्या जागी हसले होते. विज्ञानाच्या मॅडम सेवाज्येष्ठतेत साहेबांच्या सुनेच्या वर होत्या. संस्थेतले चांगले शिक्षक असे एका जागी गोळा झाल्यामुळं दहावीचा निकाल आमच्या शाखेचाच उत्तम लागायचा. साहेब त्याचा सत्कार लातूरला स्वीकारायचे.

पोरं गुणी होती. खोलीवर स्वयंपाक जमायला लागला होता. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं नांदेड आणि तिथून लातूर, रविवारी दुपारी परत. वर्ष असं गेलं. मग आईच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, आता जवळ राहा. रजा संपल्या, आणि मी माफीनामा लिहायला बसलो.

मुख्याध्यापकांनी तो दोनदा परत केला. "'दिलगीर' नको, 'क्षमाप्रार्थी' घाला. आणि पाऊस साहेबांना जुमानत नाही, हे विधान मागं घेतो, असं स्पष्ट लिहा."

मी लिहून दिलं. खाली सही केली. पाऊस साहेबांचं ऐकतो, हे आता रेकॉर्डवर आहे.

आईला यातलं काही सांगू नको, असं मी बायकोला बजावलं. माफीनाम्यासह लातूरला परत घेण्याचा अर्ज योग्य मार्गे गेला. योग्य मार्गाला तीन आठवडे लागले, कारण साहेब परदेशातल्या शाळा पाहायला गेले होते. एका गुरुवारी सकाळी बायकोचा फोन आला म्हणून मी निघालो. नांदेडच्या स्टँडवर पोचलो तेव्हा दुसरा आला. आई गेली होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो तर शिपाई दारात उभा. लातूरला परत घेतल्याचा आदेश होता. संध्याकाळी साहेब स्वतः भेटायला आले, सोबत फोटोग्राफर. "आई म्हणजे आई असते," ते म्हणाले. मी हात जोडले. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला.

पाहुणे पांगल्यावर बायको म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. रोज विचारायच्या, कधी येणार म्हणून. मग सांगितलं मी."

"काय म्हणाली?"

"उशी सरकवून उठून बसल्या. मग म्हणाल्या, 'माझ्या बापानं लिहिली न्हाई, अन् माय गोठ्यात मेली. ह्यानं लिहिली ते बरं केलं.' आणि वर म्हणाल्या, 'मराठीचा मास्तर हाय, चुका तर केल्या नसतील ना?'"

मला हसू आलं, आणि मग किती तरी वेळ रडू आवरेना. सगळ्यांना वाटायचं, आजोबांच्या ताठ मानेचा आईला अभिमान होता. होताही. पण तिला आईशिवाय वाढावं लागलं, याचा हिशोब आमच्यापैकी कुणी कधी विचारला नव्हता.

तेराव्यानंतर मी लातूरला रुजू झालो. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. गौरव अंकाचं संपादन आता माझ्याकडं आहे. साहेबांच्या मते सुधारलेल्या माणसावर जबाबदारी टाकावी. इस्लापूरची पोरं अधूनमधून फोन करतात. नवे मराठीचे सर आलेत, लई भारी शिकवतात म्हणे. त्यांनी काय लिहिलं होतं, ते अजून कळलं नाही.