संपतचं फाटक

१९७१ च्या हिवाळ्यात आमची कंपनी पश्चिम सीमेवर होती. मी रिसोडचा, कंपनीत ड्रायव्हर. लान्स नाईक संपत जवळच्याच केनवडचा, म्हणजे घरचाच माणूस. दारूगोळ्याच्या स्टोअरचं लोखंडी गेट त्याच्या ताब्यात होतं.

फौजेत गमतीनं म्हणतात, हलेल त्याला सॅल्यूट मारा, हलणार नाही त्याला रंग मारा. इन्स्पेक्शन आलं की आम्ही गंजावरच ब्रश फिरवून मोकळे. बिजागऱ्यासुद्धा रंगात बुजायच्या. संपतला हे खपायचं नाही. तो बिजागऱ्या, कडी, सगळं खोलायचा. लोखंड चकाकेपर्यंत घासायचा, मग रेड ऑक्साइड, त्यावर रंग आणि शेवटी ग्रीस. उशीर होतो म्हणून सुभेदारसाहेब ओरडायचे. हा हसून मला म्हणायचा, "भाऊ, फाटक उघडासाठी असते, दिसासाठी नाई." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी शेलिंग सुरू झालं. स्टोअरमागचं गवत पेटलं. आत माझी गाडी दारूगोळ्यानं भरलेली. वायरलेसवर ऑर्डर आली, "गाडी बाहर निकालो. अभी!"

संपतनं एक धक्का दिला आणि गेट उघडलं. वारा जोराचा, गेट परत मिटायला लागलं. तो त्याला पाठ लावून उभा राहिला.

"निंघ तू! मी धरतो!"

मी निघालो. गाडी वाचली, पुढच्या मोर्च्यांना गोळे पोचले. माझ्यामागे पडलेल्या शेलचा तुकडा संपतला लागला. त्याला शेवटचं पाहायलाही मला मिळालं नाही.

पुढच्या वर्षी रजेवर आलो आणि केनवडला त्याच्या आईकडे गेलो. अंगणाचं फाटक दोन दारांचं. डावं दार निळंशार, उजवं गंजानं खाल्लेलं, मातीत रुतलेलं. शेवटच्या रजेत संपत फाटक रंगवायला बसला होता. एक दार झालं आणि परत बोलावण्याची तार आली. तेव्हापासून आईनं त्या फाटकाला कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"मी पुरं करू का, माय?"

"नोको. त्याचं काम हाय ते."

मग मी तिला त्या दुपारची सगळी हकिकत सांगितली. तिनं एकच विचारलं, "पयल्या धक्क्यात उघडलं?"

"पयल्याच."

ती उठली. आतून त्याचा तारेचा ब्रश आणून माझ्या हातात दिला. "मंग हे बी तसंच कर. बिजागरी आंधी काढजो."

निळा रंग रिसोडहून आणला. संपतच्या रीतीतली एकही पायरी गाळली नाही. गाळली असती तर तिनं मला सोडलं नसतं.

निघायच्या दिवशी तिनं उजवं दार एका बोटानं ढकललं. ते आवाज न करता उघडलं. मी पिशवी उचलली, तर ती दाराला पाठ लावून उभी.

"निंघ बाबू, एसटी येईन. मी धरते."

मी बाहेर पडलो, वळलो आणि सावधान झालो. संपतला करायचा राहिलेला सॅल्यूट मी त्या फाटकात केला.