थांबवलेले लंबक

घड्याळजी रोज सकाळी दुकान उघडलं, की आधी भिंतीवरच्या नऊही घड्याळांचे लंबक हाताने थांबवत आणि मिनिटभर कान देऊन बसत. कुणाचा आवाज आला नाही, की जीव भांड्यात पडे. मग लंबक पुन्हा सुरू. त्यांच्या आईला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायचे. आता धाकट्या बहिणीलाही येत होते. डॉक्टर म्हणाले होते, "या आजाराचा कल रक्तातून येतो, लहानपणीच्या भीतीने तो बळावू शकतो. पण कुणाला होईल, हे छातीठोकपणे नाही सांगता येत." तेव्हापासूनचा हा नेम.

परवा बहीण इस्पितळातून घरी आली आणि सकाळीच दुकानातल्या बाकावर येऊन बसली. त्यांनी सवयीने लंबक थांबवले.

"आईचं तुझ्यात काय उतरलंय ते बघतोस ना, दादा? नाक तर उतरलंच आहे."

त्यांना हसू आलं नाही.

"तुला मामाकडे धाडलं. मला ती खोलीत कोंडायची, श्वाससुद्धा हळू घ्यायला लावायची." तिने बाकाची कड घट्ट धरली होती. "तिथे अशीच शांतता असायची. मला आवाज यातूनच येतात. चालू कर ना रे."

त्यांना धीर देणारी शांतता तिला गिळत होती. त्यांनी एकेक लंबक हलवला. नववा हलला, तेव्हा तिची बोटं सैल झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंबकांना हात लावला नाही. भीती होतीच, ती मनात घेऊनच ते कामाला बसले.