मिसेस बेलच्या प्लेटमधल्या भांगेच्या वड्या

मंडळी, आज नातीने माझ्या गुडघ्यांसाठी दुकानातून भांगेच्या अर्काची कॅन्डी आणली. राजरोस, पावतीसकट.

सत्तरच्या दशकात, ग्लासगोत, आमच्या ह्यांनी शिवरात्रीला गुपचूप भांगेच्या वड्या केल्या होत्या. मलाही पत्ता नव्हता. वरच्या मजल्यावरच्या मिसेस बेलनी स्कोन, म्हणजे तिकडचे छोटे गोडसर पाव, पाठवलेली प्लेट परत द्यायची होती. रिकामी कशी देणार? साध्या वड्या समजून मी त्याच घातल्या.

संध्याकाळी हे विचारतात, "अगं, वड्या कुठायत?"

धावत वर गेलो. एरवी हवापाण्यापलीकडे काही न बोलणारी बाई जिन्यात बसून हसत होती. म्हणाली, "बसा ना. नवरा गेल्यापासून आजच हसतेय."

आम्ही बसलो.

आज कॅन्डी चघळताना लक्षात आलं, मला आताच्या शेजारणीचं नावसुद्धा माहीत नाही. तुमच्याकडे सध्या कोणाची प्लेट परत करायची राहिली आहे?